कासव तिला पाहायचं होतं

त्र्यंबकेश्वरला माझं काम लोकांना पाण्यात उतरवायचं. कुंडाच्या पायरीवर उभा राहून मी यात्रेकरूंना सांगतो, "घाबरू नका, नाक धरा, डोकं पूर्ण बुडू द्या." माझ्या आवाजात असा काही भरवसा असतो, की रडकी पोरंही बुडी मारतात. मी स्वतः मात्र घरी बादलीतलं पाणी तांब्यानं डोक्यावर घेतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पिंपळगावचे आमचे एक द्राक्षवाले यजमान सहकुटुंब अंदमानला निघाले आणि आम्हा नवराबायकोलाही त्यांनी बरोबर घेतलं. बायकोचं एकच म्हणणं होतं. देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करण्यात जन्म गेला, एकदा खरं कासव पाण्यात पोहताना बघायचंय. तिथं ती सोय होती. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि शिकवणाऱ्याचा हात धरून खाली प्रवाळापर्यंत जायचं.

तो रबरी पोशाख अंगात चढवला तेव्हाच माझं ठरलं, खाली जायचं नाही. पण समोर यजमान. गुरुजी पाण्याला भ्यायले, ही बातमी पिंपळगावच्या मार्केटात कांद्याच्या भावाआधी पोचली असती. बायको पडद्यामागे कपडे बदलत होती. शिकवणारा विचारत होता, कुणाला काही आजार? मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "मेरी पत्नी को दमा है. छुपाती है."

तिला दमाबिमा काही नव्हतं. "आंटी, आप नहीं," एवढंच तो तिला म्हणाला. आणि तिला काठावर एकटी सोडून मी कसा जाणार? मीही पोशाख उतरवला. यजमानांच्या सौभाग्यवती नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, शिका काही. तुम्ही तर माझ्याआधी टाकी बांधून बसलात."

यजमान ओलेत्यानंच सांगत आले, "गुरुजी, कासव वो. लय मोठं. असं डोक्यावरून गेलं." बायको हसून ऐकत होती. मी शहाळं पीत होतो.

विषय तिथंच संपला असं मी धरून चाललो. पण तिनं मनात घेतलं, की त्या माणसानं आपल्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखलं. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी ती दरवर्षी माझ्या पुढे चालत पुरी करायची. त्या वर्षी घरीच बसली. "दम नाही पुरायचा आता," म्हणाली. शेजारणींना सांगायची, "समुद्रावर कळलंच मला, वय झालं." मी शेजारी बसून मान डोलवायचो. पुढं पुढं ती जिन्यातही मध्येच थांबायला लागली, काही होत नसताना.

तेव्हा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"नाही."

"तुम्ही भ्यायलात."

"हो."

तिनं ताटातला खडा बाजूला काढला. "तिकिटं काढा."

या हिवाळ्यात आम्ही दोघंच गेलो. आजारांची विचारपूस चालली होती तेव्हा तिनं मला लांब, नारळाखाली उभं केलं होतं. ती खाली गेली. बऱ्याच वेळानं वर आली. मी टॉवेल घेऊन पुढं झालो.

"दिसलं का?"

"पाणी छान आहे," ती म्हणाली आणि टॉवेल घेतला.

संध्याकाळी ती हॉटेलच्या व्हरांड्यात यजमानीणबाईंशी फोनवर बोलत होती. कासव कसं वळलं, पाठीवर काय चिकटलं होतं, तिच्याकडे कसं बघितलं, सगळं. मी दाराआडून ऐकत होतो. तिनं मला पाहिलं आणि आवाज थोडा खाली केला.