ट्रकावरचं देऊळ

गोवा राज्य झालं तेव्हा डिचोलीतल्या ट्रकांवर आमच्या गॅरेजातला पेंटर एकच चित्र काढायचा: तांबडी सुर्ल्याचं, रानातलं, कदंबांच्या काळातलं दगडी देऊळ. “आमच्या गोंयची खूण,” म्हणायचा. गॅरेजात पायाखाली ऑइल असलं तरी देवळाची पायरी रंगवताना चपला काढून ठेवायचा. आणि दारापुढं न चुकता तुळशीवृंदावन काढायचा.

एकदा मी वैतागून म्हटलं, “अहो, तिथं तुळस नाहीच. खूण म्हणता, तर आहे तशी काढा की!”

ब्रश न थांबवता तो म्हणाला, “रानांत देव एकलोच आसा. आमच्या दारांत तुळस, ताच्या दारांत नाका?”

परवा, इतक्या वर्षांनी, तांबडी सुर्ल्याला गेलो. हात जोडायच्या आधी मी दारात तुळस शोधली.