मातीवाचून मिरची

फोन आला तेव्हा मी कुर्डुवाडीत माझ्या घरी भाकरी थापत होते. सोलापूरहून अक्काच्या शेजारणीचा फोन. "ताई, अक्का दार उघडेनात... तुम्ही लगेच या." मी पोचले तोवर दार उघडलं होतं आणि पुढच्या खोलीत माझी थोरली बहीण, शालनअक्का, पांढऱ्या चादरीखाली निजली होती. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. मागच्या खोलीतून पाण्याच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "ते मिरच्यांचे दिवे आधी बंद करा, बरं दिसत नाही." रडता रडता मी अशी काही ओरडले की बटणाकडं गेलेला हात मागं आला. दिवे चालूच राहिले, आणि त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटत नाही.

अक्का दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर सात रस्ता चौकाजवळच्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिनं मागची खोली मिरचीला दिली. लोखंडी मांडणीवर झाकणाचे टब, झाकणाला भोकं, भोकांत रोपं, मुळं खाली खताच्या पाण्यात लोंबणारी. माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप आणि डोक्यावर जांभळ्या उजेडाचे दिवे. माती नाही, ऊन नाही. हायड्रोपोनिक्स हा शब्द ती नर्सच्या रुबाबात म्हणायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून बाई नाद करतेय असं लोक समजायचे. मीही तेच समजत होते, हे इथं कबूल करते.

खरं कारण आमच्या आईपाशी होतं. करमाळ्याकडच्या आमच्या गावात आमच्या माणसांच्या नावावर गुंठाभरसुद्धा जमीन नव्हती. आई दुसऱ्याच्या रानात मिरची तोडायला जायची. संध्याकाळी मालक बांधावर उभा राहायचा आणि घरी निघालेल्या बायकांना त्याच्यासमोर पदर झटकून दाखवावा लागायचा, कुणी मूठभर मिरची लपवली तर नाही ना म्हणून. मी तेव्हा झोळीत होते. अक्का आठ वर्षांची होती, तिनं ते पाहिलं. आयुष्यात एकदाच ती त्यावर बोलली. "आईनं पदर झटकला आन् घरी येस्तोवर माझ्याकडं बघितलंच न्हाय..." एवढं म्हणून ती चहा ठेवायला उठली.

पहिली रोपं तिनं स्वतःच्या हातानं मारली. लहानपणी आईबरोबर लोकांच्या रानात युरिया फेकलेला हात तो! मूठभर घेतला आणि टबात टाकला. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं माना टाकून पडली. मी पोट धरून हसले. "अगं, मंडईत मिरचीचे ढीग पडलेत की!" ती हसली नाही. "जन्मभर पेशंटला सलाईन थेंब मोजून दिलं," ती म्हणाली, "आन् झाडाला मूठभर? मलाच सस्पेंड कराया पायजे." त्यानंतर प्रत्येक टबाला नंबर पडला, तक्ता लागला. फोनवर मी तब्येत विचारली की उत्तर यायचं, "मी बरी हाय, पण तीन नंबरचा बेड जरा पिवळा पडलाय."

सोसायटीनं तिला कमी छळलं नाही. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि ही बाई पाण्यात शेती करते! अक्कानं सेक्रेटरींना वर बोलावून दाखवलं, की तेच पाणी टबात राहतं, तुमची स्कूटर धुवायला यापेक्षा जास्त लागतं. मग जांभळ्या उजेडावरून कुजबुज सुरू झाली, की बाई काहीतरी भलतंच पिकवते. एका संध्याकाळी हवालदार दारात. अक्कानं त्याला खोलीत नेलं आणि मिरची तोडून हातावर ठेवली. "खाऊन बघा आन् पंचनामा करा." त्यानं बहाद्दरानं अख्खी चावली. डोळ्यांतून धारा लागल्या. "मिरचीच हाय, बाई... लई मिरची हाय," म्हणत तो पाण्याचा तांब्या रिकामा करून गेला.

आल्यागेल्यानं मिरची स्वतः तोडायची, हा तिच्या घरचा नियम होता. माणूस तोडायला लागला की अक्का पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करायची. कुणी किती घेतल्या ते तिनं कधी पाहिलं नाही. एकदा मी म्हटलं, बिनमातीच्या मिरचीला कसली चव? भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "माती त्यांची व्हती. ही माझी हाय." त्या दिवशी मी मिरच्या तोडल्या आणि पिशवीत भरल्या.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, सेक्रेटरी आले, तिच्या फोटोला हात जोडले आणि निघता निघता म्हणाले, "आता ते सामान हलवा. अक्का होत्या म्हणून आम्ही चालवून घेतलं." चालवून घेतलं! माझं डोकंच फिरलं. "न्हाय हलवणार," मी म्हटलं. "अक्कानं घर मला ठेवलंय. हितं मी राहणार हाय." असं काही माझं ठरलेलं नव्हतं. पण बोलून गेले, आणि मग बॅग घेऊन आले.

राहणं सोपं होतं, झाडं जगवणं अवघड. फुलं यायची आणि गळायची. खत मोजलं, पाणी बदललं, तरी सकाळी झाकणांवर पांढरी फुलं पडलेली. वाटलं, अक्काचं सगळं माझ्या हातानं संपणार, आणि ते सामान खाली न्यायला सेक्रेटरीच माणसं पाठवणार... शेवटी शेजारणीनंच सांगितलं, "अक्का रोज सकाळी फुलाफुलावर रंगाचा ब्रश फिरवायच्या. बंद खोलीत वारा कुठला न् मधमाशी कुठली?" ब्रश खिडकीतच होता, टोकाला पिवळी धूळ लागलेली. तो हातात घेऊन मी खूप रडले. मग फिरवायला लागले, रोज, एकेका फुलावर, तिला शिव्या देत की हे एवढं मला सांगून का नाही गेलीस.

आठवडा गेला. परवा सकाळी एका वाळल्या फुलातून गव्हाच्या दाण्याएवढं हिरवं टोक बाहेर आलेलं दिसलं. मी तशीच जिना उतरले आणि सेक्रेटरींच्या दारावर थाप मारली. "वर या," म्हटलं, "अक्का गेल्यावर धरलेली पहिली मिरची बघून जावा."