खालांचं रुबाब

खालांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. माणूस नाही म्हणाला तर त्या अबोला धरत. माती नाही म्हणाली, तेव्हा मात्र त्या इरेला पेटल्या.

आखातात, अल गराफातल्या व्हिलात वर आम्ही, खाली खाला आणि त्यांचा मुलगा-सून. खाला रत्नागिरीच्या, सून फिओना स्कॉटलंडची. तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले रुबार्बचे, म्हणजे साखर घालून शिजवायच्या आंबट, लाल देठांचे. दुकानातलं शिळं तिला चालेना. खाला त्याला ‘रुबाब’ म्हणत. “पोरगी इथं रमायला हवी. रुबाब तर रुबाब, मी लावते.”

फिओनाच्या आईने स्कॉटलंडहून भेटायला येताना रुबार्बचे गड्डे आणले. पण मागचं अंगण सखल, घरमालकाने भरलेली माती चिकट, त्यात सगळ्यांच्या एसीचं पाणी तिथेच. पाऊल टाकलं की चप्पल रुतायची.

मी म्हटलं, “खाला, पाणी साचतंय. वाळू मिसळा, वाफा उंच करा.”

“अगो, अळू लावून माझे हात म्हातारे झाले. मला शिकवतेस?”

आधी लावलेले गड्डे कुजले. उरलेल्यांतले दोन त्यांनी तिथेच, तसेच लावले, वर दुपारी पाणीही घातलं. तेही गेले. खालांनी मातीला, घरमालकाला आणि शेवटी मला शिव्या घातल्या. मी चिडून वर निघून आले.

शेवटचा गड्डा उरला तेव्हा त्यांनी मला खालून हाक मारली. “ये. तुझी वाळू घाल. बघू.” दगड, वाळू, खत घालून आम्ही उंचवटा केला, एसीची नळी वळवली. थंडी सरताना तळहाताएवढी पानं आली. फिओना टाळ्या वाजवत म्हणाली, पहिल्या वर्षी देठ कापायचे नसतात.

खालांना इंग्रजी येत नव्हतं. मी ते मराठीत सांगितल्यावर त्या फणकारल्या. “मग डोहाळे पुढच्या वर्षी पुरवायचे काय?”

पुढचं वर्ष आलंच नाही. मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो फिओनाला घेऊन तिच्या माहेरी गेला. खालांना तिकडचा व्हिसा मिळाला नाही, त्या रत्नागिरीला परतल्या. उन्हाळ्यात मी रोज पाणी घातलं, सावलीला कापड बांधलं. पानं करपलीच.

बाळ झाल्यावर मी फोन केला. खाला आधी तणतणल्या, “फिओनाच्या आईच्या परसात गवतासारखं माजलंय गो रुबाब! मेली पोरगी व्हिडिओवर हसून दाखवत होती.” मग आवाज उतरला. “बाळाला कडेवर घेऊन उभी होती. एवढं मोठं पान पुढे धरलं तिनं, बाळाचं तोंडच आड गेलं. बाजूला कर म्हणून कसं सांगायचं, ते मला येईना.”