पोर्टलवरचा लाल ठिपका

आमच्या कंपनीला कर्मचाऱ्यांना शिकवायचा झटका आला, तेव्हा पोर्टल बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी फैजपूरचा, केळीच्या पट्ट्यातला. कॉम्प्युटर शिकलो म्हणून धुळ्याच्या मसाला कारखान्यात लागलो. कंपनी मोठी, मुख्यालय पुण्यात, त्यामुळे अक्कलही तिकडूनच यायची.

सुरक्षेचा पहिला धडा तिकडूनच आला. टाय घातलेला एक गृहस्थ मधाळ आवाजात म्हणायचा, "सहकाऱ्यांनो, चला, सुरक्षिततेच्या प्रवासाला निघूया." आमची माणसं मोबाइल टेबलावर उपडा ठेवून चहाला निघायची. धडा आपला चालू. शेवटच्या प्रश्नांना सगळे तिसरा पर्याय दाबत आणि सगळे पास होत. मुख्यालयाने माझं अभिनंदन केलं. मला स्वतःची लाज वाटली, पण अभिनंदन मी ठेवून घेतलं.

लाज वाटायचं कारण होते नाना. मिरचीच्या पोत्यांचा सरकता पट्टा ते सांभाळत. पट्टा अडकला की बंद न करता हात घालून पोतं ओढायची त्यांची सवय. त्यात एका बोटाचं टोक आधीच गेलेलं. तरी सवय तीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज बघत होतो.

नानांची बायको आमच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. साक्रीकडची, आवाज खणखणीत, सगळे तिला अक्का म्हणायचे. सगळा कारखाना तिला वचकून असे, कारण वरणातलं घट्ट कोणाला आणि पाणी कोणाला, हे तिच्या डावावर ठरायचं. मला युक्ती सुचली. म्हटलं, "अक्का, धडा तुम्ही सांगा. आपल्या अहिराणी बोलीत."

ती म्हणाली, "सांगस. एक माणूसनी आयकाले पाहिजे, बस. बाकीना बठ्ठा फुकट." बठ्ठा म्हणजे सगळे.

चूल मागे, हातात डाव, अशी ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. "पट्टा चालू शे तवलोंग हात घालानाच नही. पह्यले लाल बटन दाबा. बोट म्हंजे काय मेथी शे का, खुडी तरी परत ऊगी? पट्टावर एक जण शे, तो मनं घरमा बी आयकत नही. नाव मी लेत नही."

नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, कॅमेऱ्यासमोर तर शक्यच नव्हतं. आणि नाव न घेतल्यामुळे कोण ते सगळ्या कारखान्याला कळलं.

मुख्यालय म्हणालं, हे व्यावसायिक वाटत नाही. मी धड्यावर 'चाचणी' असं लिहिलं आणि चालू ठेवला. चाचणीला कोण हरकत घेणार? यावेळी मोबाइल उपडा ठेवायची कोणाची छाती झाली नाही. अक्का बोलत असताना पाठ फिरवायची म्हणजे काय. शिवाय खरी परीक्षा ती जेवणाच्या रांगेत घ्यायची, आणि चुकला त्याच्या ताटात पाणी.

सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण आली. नानांच्या नावापुढे लाल ठिपका. त्यांनी धडा उघडलाच नव्हता.

"घरमा आयकस ना भाऊ," ते म्हणाले, "आठे बी तिलेच आयकू का?"

मुख्यालयाने विचारलं, एक जण बाकी का? काय कळवणार? माणूस चांगला आहे, फक्त लग्न झालेलं आहे?

मग एका दुपारी मी पट्ट्यापाशी उभा असताना पोतं अडकलं. नानांचा हात सवयीने पुढे गेला. हात मध्येच थांबला. ते वळले, चार पावलं चालले आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबल्यावर त्यांनी पोतं ओढलं.

मी म्हटलं, "नाना, तुम्ही तर धडा बघितलाच नाही."

"बघाना काय शे त्यामा? घरमा भाकरी थापता थापता ती तोच पाठ करे. मले आखा येस." पट्टा चालू करायला ते पुन्हा बटणाकडे गेले. मग थांबून हळूच म्हणाले, "तिले सांगू नका भाऊ. तिले वाटस मी आयकत नही. तसंच राहू द्या."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही लपवायला मी मिरचीचं कारण सांगितलं.

लाल ठिपका अजून आहे. अक्का अधूनमधून ताट वाढताना विचारते, "त्यासनी आयकं का?"

"नाही अजून," मी म्हणतो.

ती पुटपुटते, कपाळावर हात मारते. रांगेत पुढे नाना असतात, खाली बघत, दोन्ही हातांनी ताट धरून. त्यांना ती काही विचारत नाही. वरण मात्र घट्ट वाढते.