कामाच्या गोळ्या

शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडे सिराजोद्दीनचा ढाबा आहे. ट्रकवाले तिथं थांबायचे ते मालनबाईच्या भाकरीसाठी. काठवटीत पीठ मळून, उंडा तळहातावर फिरवून ती भाकरी इतकी पातळ थापायची की तव्यावर उलटल्याबरोबर टम्म फुगायची. ढाबा चालतो तो त्या हातांवर, असं सिराजोद्दीन स्वतःच सांगायचा.

तिचं घर ढाब्यामागच्या गल्लीत, सिराजोद्दीनच्या घराला लागून. घरी नवरा अप्पाराव. पूर्वी तो ट्रॅक्टर चालवायचा. लकवा मारला तशी त्याची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. तेव्हापासून त्याला उठवणं, संडासला नेणं, अंघोळ घालणं, घास भरवणं, सगळं मालनबाईच करायची. दुपारी ढाब्यावरून धावत यायची, त्याला जेवू घालायची आणि तशीच धावत परत जायची. स्वतः चुलीपाशी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची. घनसावंगीला दिलेली मुलगी अक्षता फोनवर विचारायची, "माय, जेवलीस का?"

"कव्हाच," मालनबाई म्हणायची. बहुतेक वेळा ते खोटं असायचं.

दुखणं बोटांत सुरू झालं. एका सकाळी तिला झंपरचे हुक लावता येईनात. बोटं लाकडासारखी ताठली होती. ऊन वर येईपर्यंत ती सैल झाली, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मग मनगटं सुजली, मग गुडघे. भाकरी थापताथापता मधेच फाटू लागली. एक जुना ड्रायव्हर ताटाकडं बघून म्हणाला, "आज दुसऱ्या कोनी केल्या का?" आत चुलीपाशी बसलेल्या मालनबाईला ते ऐकू गेलं.

बसस्टँडच्या मागं एक माणूस दवाखाना लावून बसायचा. तो कसला डॉक्टर होता ते कोणाला माहीत नव्हतं. त्यानं सुई टोचली आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत हात बराबर होतीन."

आणि झालेही. त्या संध्याकाळी मालनबाईनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि तिला रडूच फुटलं. पुढं तो कागदाच्या पुडीत बारीक गोळ्या बांधून देऊ लागला. पुडीवर नाव नसायचं. मालनबाई त्यांना कामाच्या गोळ्या म्हणायची. सकाळी एक घ्यायची, जास्त ठणकलं तर दोन.

वर्ष गेलं, त्यावरही काही महिने गेले. चेहरा भरून आला. "तब्येत सुधरून राह्यली की तुमची," सिराजोद्दीन म्हणाला. पण हातपाय काटक्यांसारखे झाले होते. कशाला नुसतं घासलं तरी कातडीवर काळेनिळे डाग उठत. पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहत नव्हता. हे नीट चाललेलं नाही हे तिला कळत होतं. पण गोळी घेतली नाही तर अप्पारावला उचलणार कोण, या प्रश्नापुढं तिचा विचार जात नव्हता.

मग एक दिवस त्या दवाखान्याचं शटर बंद दिसलं. माणूस गाव सोडून गेला होता. घरातली शेवटची पुडी संपली. दोन-तीन दिवसांतच मालनबाईला अन्न दिसलं की उमळू लागलं. ढाब्यावर पीठ मळता मळता तिला उलटी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती तिथंच कोसळली. सिराजोद्दीन आणि त्याची बायको कमरुन्निसा तिला जीपमध्ये घालून जालन्याला घेऊन गेले. पुढचे काही दिवस तिला धड आठवत नाहीत.

शुद्धीवर आली तेव्हा एक डॉक्टरबाई खाटेशी बसल्या होत्या.

"मालनबाई, त्या गोळ्या स्टेरॉइडच्या असणार. त्यांनी सूज दबते, आजार जात नाही. इतके दिवस बाहेरून मिळालं म्हणून तुमच्या शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणंच सोडून दिलं. अशा गोळ्या एकदम बंद झाल्या की माणूस दगावू शकतो. तुम्ही थोडक्यात वाचलात."

"मंग चालू ठेवा की."

"हळूहळू कमी करत बंद करायच्या. तुम्हाला सांध्यांचा आमवात आहे. त्याचं खरं औषध वेगळं, ते लागू पडायला महिने लागतात. तोवर दुखेल. आणि विश्रांती पाहिजे. घरी तुमचं कोण करतं?"

मालनबाईला प्रश्नच समजला नाही. "माझं? माझं काय करायचं असतंय?"

घरी आल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट. गोळी कमी होत गेली तसं दाबून ठेवलेलं दुखणं सगळं वर आलं. कूस बदलली तरी किंकाळी फुटायची. मालनबाई जालन्याला होती तेव्हाच अक्षता अप्पारावजवळ येऊन राहिली होती, पण तिचं मूल तान्हं होतं, सासरी सासू आजारी होती. ती गेली. जाताना म्हणाली, "माय, शेजारी आवाज देत जा." मालनबाईनं मान हलवली. पण नवऱ्याच्या संडासबाथरूमसाठी कोणाला बोलवायचं, या लाजेनं तिनं एकदाही आवाज दिला नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी ती अप्पारावला अंघोळीला घेऊन गेली. पाटावरून उठवताना तिच्या मनगटातून कळ गेली, पकड सुटली, आणि दोघंही ओल्या फरशीवर पडले. त्याला लागलं नव्हतं. पण तिला त्याला उचलता येईना, आणि स्वतःलाही उठता येईना. गुडघ्यावर भार दिला की पाय थरथरायचा. बादलीतलं पाणी गार झालं. तो उघडा कुडकुडत होता. तिनं आपला पदर त्याच्या खांद्यावर टाकला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला आता न्हाई होत. पूल काही लांब न्हाई. जाऊ दोघं बी. सुटू एकदाचं."

अप्पारावनं डाव्या हातानं तिचा दंड धरला. तोंड वाकडं करत, एकेक अक्षर ओढत तो बोलला, "न्हाई. तू... बस."

तिनं पुन्हा उठायची धडपड केली. त्यानं दंड सोडला नाही. आणि मग, लकवा मारल्यापासून कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज त्यानं काढला. "भाबी! ओ भाबी!" मालनबाई त्याच्या तोंडावर हात ठेवू लागली. त्यानं तो झटकला आणि परत हाक मारली.

कमरुन्निसा धावत आली. मागं सिराजोद्दीन. त्यानं अप्पारावला लुंगी गुंडाळून उचललं. कमरुन्निसा मालनबाईशेजारी त्या ओल्यातच बसली आणि तिला छातीशी धरून रागावली, "आवाज तर द्यायचा ना आक्का! एकच भिंत आहे मधे. आम्ही काय मेलो होतो?" मालनबाई लहान पोरीसारखी हमसून रडली. लाजेनं रडली, आणि रडताना अंग हलकं होतंय याचीही तिला लाज वाटली.

त्या दिवशी दुपारी ती घास भरवायला बसली तर अप्पारावनं तोंड मिटून घेतलं. डाव्या हातानं चमचा ओढून घेतला. वरण छातीवर सांडलं, भात अंथरुणात गेला. "आणा इकडं, मी भरवते." त्यानं मान हलवली. पोटभर खायला त्याला खूप वेळ लागला. तिच्या मनात आलं, यांचा डावा हात तर पहिल्यापासून चांगला होता. भरवलं की लवकर उरकतं म्हणून आपणच कधी चमचा दिला नाही. हा विचार तिला त्या दिवशी सांध्यांपेक्षा जास्त लागला.

सिराजोद्दीननं प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून संडासची सोय केली. सकाळी तो किंवा कमरुन्निसा येऊन अप्पारावला उठवून बसवू लागले. मालनबाई उठल्याबरोबर हात कोमट पाण्यात बुडवून बसायची, मगच कामाला लागायची. सुरुवातीला तो वेळ तिला चोरल्यासारखा वाटायचा.

ढाब्यावर आता गावातलीच एक चांगुणाबाई भाकरी करते. मालनबाई पहिल्यांदा परत गेली तेव्हा आपल्या जागेवर दुसरी बाई बघून दारातूनच फिरणार होती. सिराजोद्दीननं तिला खुर्ची दिली, पुढ्यात लसूण ठेवला. ती अर्धा दिवस बसून निवडटिपण करते. ज्या दिवशी अंग धरतं त्या दिवशी फोन करून सांगते, "आज न्हाई जमत." हे सांगणं अजूनही तिला जड जातं.

दुखणं बरं झालं असं म्हणता येत नाही. थंडीत बोटं पुन्हा सुजली, दोन वाकडी झाली ती कायमची. आठवडी बाजारात एका बाईनं सांगितलं की एक नवीन माणूस सुई देतो, लगेच गुण येतो. मालनबाई तिथं गेली. बाकड्यावर नंबर लावून बसलीसुद्धा. आतून बाहेर येणारी माणसं मोकळेपणानं हात हलवत होती. नंबर आला तेव्हा तिनं विचारलं, "ह्याच्यात काय असतंय?"

"दुखणं थांबल्याशी मतलब ना बाई?"

ती उठून आली. शहाणपण आलं होतं असं नाही. तिला जालन्याच्या दवाखान्यातली खाट आठवली आणि भीती वाटली. रस्ताभर तिला वाटत होतं की माघारी फिरावं. घरी येऊन तिनं अप्पारावला सगळं सांगितलं, सुईची किती इच्छा झाली होती तेही. तो डाव्या हातानं तिची बोटं कितीतरी वेळ चोळत बसला.

आता दुपारी ती जेवते, बसून जेवते, आणि आडवी होते. भांडी तशीच पडलेली असतात. झोप लागेलच असं नाही, कधी नुसती कण्हत पडते. परवा गल्लीतली कुणीतरी बाई दारातून ओरडली, "मालनबाई, हायत का घरी?"

खुर्चीतून अप्पारावनं जड जिभेनं उत्तर दिलं, "पडलीय ती. मंग या."