मास्तरांचा ठोकळा

आमच्या तुरीच्या डाळीला हल्ली लोखंडाचा वास येतो, अशी घरात तक्रार आहे. तक्रार करणारी एकटी माझी बायको. पण आमच्याकडे बहुमत नेहमी तिचंच असतं. तिचं चूकही नाही. वर्षभराच्या धान्याच्या ज्या खोलीत गव्हाची कोठी, डाळीचे डबे आणि चिंचेची बरणी एवढाच संसार होता, तिथं दोन महिन्यांपासून माझं मिलिंग मशीन ठाण मांडून बसलं आहे. सकाळी दार उघडलं की आधी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा कडवट वास येतो, मग पोत्यांचा, आणि थोडं थांबून तिसरा, तेलात तापलेल्या लोखंडाच्या किसाचा. लोकांना मोगऱ्यानं काय काय आठवतं म्हणे. मला या किसाच्या वासानं शेलूबाजार आठवतं, हमरस्त्याच्या कडेची एक पत्र्याची शेड आठवते आणि तिच्यात कामावर वाकलेला एक सडपातळ माणूस.

मी नवा नवा विज्ञानाचा शिक्षक झालो तेव्हा शाळा एका आडगावात आणि माझी खोली शेलूबाजारात होती. लग्न व्हायचं होतं, संध्याकाळ मोठी होती आणि खोलीच्या समोरच मिस्त्रींची शेड होती. इंजिनं, पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, ट्रॉलीचे हूक, जे काही मोडतं ते त्यांच्याकडे यायचं. सगळी पंचक्रोशी त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायची, मीही तेच म्हणत आलो. माणूस बोलायला महाकंजूष. काम मनासारखं झालं की शेतकऱ्याच्या हातात देऊन एकच शब्द म्हणायचे, "न्या." तो शब्द ऐकला की माणूस वस्तू उलटसुलट करून पाहायच्या भानगडीत पडत नसे, सरळ जीपमध्ये जाऊन बसायचा. आणि काम जमलं नसेल तर ते गिऱ्हाइकाला दाखवतच नसत. चार दिवस लागोत की आठ, शेडच्या मागच्या कोपऱ्यात ते त्या वस्तूशी अबोला धरून बसत.

मी रोज तिथं टेकायचो. एके दिवशी म्हणालो, मिस्त्री, मलाही काही शिकवा. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, खडूनं पांढरी झालेली बोटं पाहिली आणि बेसनाच्या लाडवाएवढा एक लोखंडी तुकडा माझ्यापुढे ठेवला. सोबत एक कानस. म्हणाले, "सहाई बाजूनं चौरस करा." एवढंच? मी मनात म्हटलं, भूमितीत माझे पैकीच्या पैकी. तुकडा वाइसमध्ये, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या त्या जबड्यात, आवळला आणि आठ दिवसांत ठोकळा तयार केला. मिस्त्रींनी खिशातून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. ती ठोकळ्याच्या कडेला लावून त्यांनी उजेडापुढे धरली. काटकोन बरोबर असेल तर पट्टी आणि लोखंड यांच्यामधून काहीच दिसत नाही, नसेल तर उजेडाची बारीक रेघ दिसते. मिस्त्री म्हणाले, "उजेड दिसून राह्यला, मास्तर. घासा."

मी घासलं. एक बाजू नीट करावी तर शेजारची बिघडे. ती नीट करावी तर समोरची रुसे. अडीच वर्षं, रविवार सोडून, मी तो ठोकळा घासला. लाडवाचा पेढा झाला, पेढ्याची चिंचोक्याएवढी गोळी झाली, आणि दर वेळी तेच, "उजेड दिसून राह्यला, मास्तर. घासा." शेवटी माझी वाशीमला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. ठोकळा पुढे केला. त्यांनी गुण्या लावला, पाहिलं, आणि पहिल्यांदाच ते 'घासा' म्हणाले नाहीत, कारण घासायला आता काही उरलंच नव्हतं. दोघंही हसलो. पण 'न्या' काही ते म्हणाले नाहीत. ती गोळी मी नोकरीभर कंपासपेटीत बाळगली. पोरांना घनाकृती शिकवताना मी ती कधीच काढून दाखवली नाही. लाज वाटायची.

मधली वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही, सगळ्यांची जातात तशीच गेली. मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात कळलं की मिस्त्रींची दृष्टी चालली आहे. भेटायला गेलो तर म्हणाले, "माणूस दिसते, तोंड नाही दिसत." शेडमध्ये आता मुलगा वेल्डिंग करतो, मिस्त्री बाहेर खाटेवर बसून नुसते आवाज ऐकतात. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट टोचत राहिली. या माणसाकडून मला एक शब्द घ्यायचा राहिला होता, आणि तो देऊ शकणारा जगात तेवढा एकच. आता नाही तर कधी नाही. माझ्या हातांनी कानस चालवून आणखी अडीच वर्षं थांबायला वेळ नव्हता. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, मी मशीन घेतो.

ती म्हणाली, "अजी, रिटायर झालेले लोक तीर्थाले जातेत. तुमी कायले लोखंड घरात आणून राह्यले?" मी समजावलं. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये हत्यार फिरतं आणि वस्तू टेबलावर बसून त्याच्याखालून सरकते, म्हणून सपाट आणि चौरस काम होतं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् माह्या डाळीचे डबे कुठं सरकतीन?" अखेर तह झाला. खोलीची खिडकीकडची बाजू माझी, भिंतीकडची तिची, आणि मशीन चालू असताना कोठीवर चादर. मशीन ट्रकमधून आलं तेव्हा उचलायला बाजारातले चार हमाल बोलावले. त्यांनी खोक्याकडे पाहून विचारलं, "किती पोत्याचं हाये?" मी म्हटलं, सव्वा क्विंटल. "मंग पोतंच म्हना नं," असं म्हणून त्यांनी ते सोयाबीनच्या पोत्यासारखं आत नेऊन ठेवलं. मी मागून "सांभाळून, सांभाळून" म्हणत नुसता नाचत होतो.

आता माझ्या अकलेचा प्रसंग. नवं यंत्र घरात आलं की पूजा आलीच, त्याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. बायकोनं उंबऱ्यावर नारळ फोडला, त्याचं पाणी मशीनवर शिंपडलं, ओल्या कुंकवानं त्या चकचकीत टेबलावर झोकात स्वस्तिक काढलं आणि वर कुंकवात घोळलेल्या अक्षता वाहिल्या. लोखंडाला गंज कसा चढतो हे मी तीन परीक्षानळ्या मांडून उभी हयात पोरांना शिकवलं. आणि मी त्या वेळी काय करत होतो, तर डोळे मिटून हात जोडून उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर टेबलावर नारिंगी स्वस्तिक, छापल्यासारखं रेखीव. मी ओरडलोच. बायको धावत आली, पाहिलं आणि म्हणाली, "शुभच हाये नं मंग, पुसता कायले?"

बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन मी दिवसभर ते घासलं. गंज गेला, डाग मात्र राहिला. मग अक्षता झाडल्या, वाइस टेबलावर बसवला, खाचेतून बोल्ट सरकवून आवळला. घड्याळासारखी एक डायल असते, तिचा काटा केसाच्या जाडीइतका फरकही दाखवतो. ती लावून वाइसच्या तोंडाची सरळ रेघ जुळवण्यात माझे चार दिवस गेले. इकडून ठोकावं तर काटा तिकडे, तिकडून ठोकावं तर इकडे. पण काय सांगू, इतका आनंद मला पहिला पगार घेतानाही झाला नव्हता. जेवायला हाक आली की मी "आलो, आलो" म्हणायचो आणि भाकरी गार व्हायची. शेवटी काटा हलायचा थांबला. मी लाडवाएवढाच तुकडा घेतला आणि सहाही बाजूंनी कापला. टेबल सरकतं, पातं गुणगुणतं, लोखंडाची चुरचुरीत कुरळी सालं निघतात आणि खालून पाण्यासारखा स्वच्छ पृष्ठभाग उघडा होतो. गुण्या घरात होता, पण मी तो लावून पाहिला नाही. पेपर फुटू नये म्हणून. पहिला गुण्या मिस्त्रींचाच लागायला हवा होता.

रविवारी त्यांना मोटरसायकलवर घेऊन आलो. मागे बसताच इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाले, "टॅपेट वाजून राह्यले, मास्तर. गाडीले जपत जा." खोलीत शिरल्यावर आधी त्यांनी वास घेतला आणि चेहरा उजळला. मग दोन्ही हातांनी मशीन चाचपलं, खांबापासून चाकापर्यंत, एखाद्यानं लांबच्या नातवाला चाचपावं तसं. टेबलावर बोट थांबलं. "इथं काय झालं?" बायकोनं स्वतःच कबुली दिली. मिस्त्री खूप हसले. म्हणाले, "आमच्या घरची दर दसऱ्याले लेथवर हेच करे. म्या कधी रागावलो नाही. फकत संध्याकाळी चोरून पुसत होतो." बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलला, खिशातून तोच जुना, झिजून गुळगुळीत झालेला गुण्या काढला, कडेला लावला आणि सवयीनं खिडकीकडे धरला. धरलेलाच राहिला. त्यांना काही दिसत नव्हतं. मी उशीर केला होता, हे मला त्या खिडकीपाशी नीट समजलं. पण मिस्त्रींनी शांतपणे हात वळवला आणि ठोकळा, गुण्या दोन्ही बायकोकडे दिले. "वहिनी, तुमी पाहा. मास्तर खोटं बोलतीन." बायकोनं पदरानं चष्मा पुसला, एक डोळा मिटला, पाहिलं. सहा बाजू फिरवून पाहिल्या. आणि संसारात माझी भीड न ठेवायचं जे धोरण तिनं कायम पाळलं तेच इथंही पाळलं. म्हणाली, "दिसते. केसाएवढा दिसते."

मी मटकन पोत्यावर बसलो. नाचता येईना अंगण वाकडे, हे आता मशीन घेऊनही सिद्ध झालं. पण मिस्त्री 'घासा' म्हणाले नाहीत. म्हणाले, "यंत्र केसभर बी चुकत नाही, मास्तर. बसवनारा चुकते. कागद आना एक, पातळ." मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून दिलं. त्यांनी त्याचा कोपरा वाइसच्या बुडाखाली सरकवून पाहिला. तीन कोपऱ्यांवर कागद अडला, चौथ्यावर हळूच आत गेला. "हे पाहा. बूड टेकलं नाही. खाली काहीतरी हाये." मी बोल्ट सोडले, वाइस उचलला. खाली लाल डाग, आणि डागाच्या मध्यभागी चेपून पापुद्रा झालेला एक तांदळाचा दाणा. अक्षता झाडताना एक खाचेत राहिली होती आणि बोल्ट सरकवताना वर आली होती. वाइसचं तोंड जुळवायला मी चार दिवस घालवले. बुडाखाली काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी तो दाणा बोटावर घेतला. बायको म्हणाली, "माह्याच हातचा हाये तो." ते म्हणाले, "असू द्या वहिनी. एका दाण्यानं मास्तरले चार दिवसांत शिकवलं, आमाले अडीच वर्षांत नाही जमलं." तिनं चहा टाकला, मी टेबल पुसलं, या वेळी नखानं खाचा उकरून पुसलं. वाइस पुन्हा बसवला. मिस्त्री शेजारी उभे राहून चौफेर कागद सरकवत होते, चारी कोपऱ्यांवर अडेपर्यंत. मग ठोकळा पुन्हा कापला, सहाही बाजू, अगदी पातळ साल निघेल एवढाच. ते डोळे मिटून पात्याचा आवाज ऐकत होते. कापून झाल्यावर बायकोला बोलवायला मला धीर होईना, तर ती दारातच उभी होती.

तिनं गुण्या लावला. खिडकीकडे धरला. एक बाजू, दुसरी, तिसरी. मला वाटलं ती मुद्दाम वेळ लावते आहे, आणि ती लावतच होती. सहावी बाजू पाहून म्हणाली, "नाही दिसत." मिस्त्रींनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "मी कायले खोटं बोलू यांच्यासाठी?" मग त्यांनी ठोकळा हातात घेतला. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा. माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "न्या."

मी तो घेतला नाही. त्यांचा हात मिटवून म्हणालो, मिस्त्री, हा तुमचा आहे, तुम्हीच न्या. त्यांनी ठोकळा सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि खिसा वरून दाबून पाहिला.

टेबलावरचं ते स्वस्तिक अजून आहे, मी आता ते घासत नाही. बायको हल्ली अक्षता वाहते ती कोठीवर, मशीनला लांबून नमस्कार करते. कंपासपेटीतली जुनी गोळी काढून मी खिडकीत ठेवली आहे. तिच्याकडे पाहताना आता लाज वाटत नाही. अडीच वर्षांच्या संध्याकाळी तिच्यातून झिजून गेल्या, त्या कुठं वाया गेल्या असं म्हणवत नाही. त्या रविवारी संध्याकाळी मिस्त्रींना सोडायला निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. ते मागे मला धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या खिशातल्या ठोकळ्याचा कोपरा माझ्या पाठीत टोचत होता, आणि शेलूबाजार येईपर्यंत मी त्यांना जरा मागे सरका म्हणालो नाही.