परळी स्टेशनवरची झडती

ती झडती आठवली की आजही मला पदर तोंडात कोंबावा लागतो. तेव्हा मी तिथल्या रेल्वे पोलीस ठाण्याची प्रमुख होते. आवाज करडा, अक्कल बेताची.

परळीतल्या एका शिंपीणबाईने खबर दिली. "मॅडम, व्हिसाचा एक एजंट बायांचे ढगळे ड्रेस शिवून नेतो. मापं बी तोच आणतो. पोटापाशी लई घेर ठेव म्हणतो. आत काय लपवतो, देव जाणे!"

मला लगेच सोन्याची बिस्किटं दिसू लागली. तशाच ड्रेसमधली एक पोरगी मुंबईच्या गाडीची वाट बघत होती. तिला चौकीत आणलं. महिला हवालदाराने तिच्या पोटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मॅडम, माल लाथा मारतोय!"

स्वतःची दोन बाळंतपणं झालेली मी, आणि मला पोट ओळखू आलं नाही!

पाणी पिऊन पोरगी बोलती झाली. माहेर आष्टीकडचं. वडील वारले, घर विकलं, आई अमेरिकेत हिच्या भावाकडे. पहिलं बाळंतपण आईकडे, म्हणून हिला तिकडे जायचं होतं आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी ही मुंबईला निघालेली. एजंटने मनात भरवलं होतं, "पोटुशीला व्हिसा देतच न्हाईत. पोट झाक, फिरायला चालले म्हण."

मी एका वकिलाला फोन केला. गरोदर बाईला व्हिसा बंद नाही. पण बाळाला तिथलं नागरिकत्व मिळावं एवढ्यासाठी पर्यटन व्हिसा देत नाहीत. आणि खोटं बोललेलं उघडं पडलं, तर तो देश कायमचा बंद होऊ शकतो. म्हणजे आईचं घरही.

चौकशीत एजंट ऐटीत म्हणाला, "मी कुणाला काय बी लपवायला सांगितलं न्हाई." मी शिंपीणबाईला नुसतं दारात उभं केलं. तो भडकला, "घेराचं सांगायला आलीस व्हय गं?"

घेराचा शब्द आम्ही कुणीच काढला नव्हता. गुन्हा दाखल झाला.

पोरगी मुलाखतीत खरं बोलली. बाळंतपणासाठीच जातेय म्हणून व्हिसा नाकारला गेला, पण नावाला खोटेपणा चिकटला नाही. ती रडत ठाण्यात आली.

"आई इकडं कावून येत न्हाई?" मी विचारलं.

"येईल की! पण राहील कुठं? लेकीच्या सासरी राहून बाळंतपण करतं का कुणी?"

"माझ्या घरी राहील."

आई आली, आणि लेकही तिच्यापाशी माझ्याकडेच बाळंतपणाला आली. महिनाभर माझ्या घरात डिंकाच्या लाडवांचा आणि शेगडीवरच्या ओव्याचा वास होता. माणूस काय लपवतोय हे शोधण्यात माझी अख्खी नोकरी सरली. कशाच्या भीतीने लपवतोय, हे आधी विचारावं, ते या पोरीने शिकवलं.

बारशाच्या दिवशी तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या मावशी, तुमचा माल. आता करा पंचनामा!"